आपलं आणि वेगळं

आमच्या ऑफिसातला कूलर कोणी वाढवला आणि कोणी कमी केला, हे जाणून घ्यायची गरज अख्ख्या नागपुरात एकाच माणसाला होती. बाकीच्यांना गार हवा लागली म्हणजे झालं. मे महिना, गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानांच्या वर आमचा मजला, आणि डोक्यावर टिनाचं छत. अशा ठिकाणी कोण विचारतं हो, कूलर कोणी फिरवला म्हणून? पण आमचे कॉम्प्युटर सांभाळणारे सर खुर्चीतून उठून यायचे, डोक्याला बांधलेला दुपट्टा सारखा करायचे (हो, ऑफिसातसुद्धा दुपट्टा, जेवतानासुद्धा) आणि विचारायचे,

“कोणं केला?”

“मी केला, सर.”

“काहून?”

“कागद उडून राहिले होते.”

“मग तसं लिहा ना वं ताई. हवा काय तुमच्या एकटीची आहे?”

आणि लिहावं लागायचं. खरंच सांगते. कूलर एकावर आहे की तीनवर, हेसुद्धा त्यांनी कॉम्प्युटरच्या सेटिंगच्या फाईलीत घालून ठेवलं होतं. त्यानं कूलर काही आपोआप चालत नव्हता. आम्हाला सवय लागावी, एवढ्यासाठी. बदल केला की खाली एक चौकोन उघडायचा, त्यात एकच शब्द असायचा: काहून? तो चौकोन रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढं सरकायचाच नाही. आमच्यातल्या एकीनं एकदा वैतागून लिहिलं, “मर्जी माझी.” आम्ही सगळ्या पदर तोंडाला लावून बसलो, आता काय होतं म्हणून. सरांनी वाचलं, मान हलवली. म्हणाले, “चालते. खरं लिहिलं न. खोटं लिहू नका, बस.”

त्यावरून त्यांचं नाव पडलं काहून सर. खरं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि आता तर मुळीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे कसलं ऑफिस? तर आमची ॲम्ब्युलन्सची संस्था आहे. बाजारातल्या काही कापडवाल्यांनी मिळून काढलेली. शहरात हे ऑफिस, आणि बाहेर तालुक्याच्या गावांना ठाणी: मौद्याला एक, उमरेडला एक, काटोलकडे एक, अशी. ठाणं म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, एक माणूस, आणि बाहेर कडुलिंबाखाली उभी गाडी. मी फोनवर बसते. मी काही शिकलेली बाई नाही. नवरा गेल्यावर टायपिंग माझं मीच शिकले, मग कॉम्प्युटर माझा मीच शिकले, चुकत चुकत, लोकांच्या शिव्या खात. फोन आला की मी गावाचं नाव टाकायची. पडद्यावर यायचं, कोणत्या ठाण्याची गाडी, ड्रायव्हरचा नंबर काय, कोणत्या रस्त्यानं जायचं, कोणत्या दवाखान्यात न्यायचं. बटण दाबलं की तेच ड्रायव्हरच्या मोबाईलवर. हे सगळं ज्या फाईलीतून यायचं ती सेटिंगची फाईल, आणि ती फाईल म्हणजे सरांचा जीव.

ते यायच्या आधी प्रत्येक ठाण्याची आपापली फाईल होती. कोणाची जुनी, कोणाची त्याहून जुनी. एकाच गावाला दोन गाड्या जायच्या आणि बाजूच्या गावाला एकही नाही. दोन ड्रायव्हर एका घरापुढं उभे राहून भांडायचे, पेशंट कोणाचा म्हणून. सर आले आणि म्हणाले, सगळ्यांची फाईल एकच पाहिजे. त्या माणसाला आयुष्यात मला वाटतं तेवढंच पाहिजे होतं. पगार वाढवून मागितला नाही, खुर्ची बदलून मागितली नाही. सगळ्या ठाण्यांनी एका फाईलीवर विश्वास ठेवावा, बस.

त्यासाठी त्यांनी रेपो केला. रेपो म्हणजे काय, ते मी माझ्या सुनेला सांगितलं तसंच सांगते. खरी फाईल मध्ये एका जागी राहते. प्रत्येक ठाण्याकडे तिची नक्कल. सकाळी काम सुरू करायच्या आधी दुसऱ्यांनी केलेले बदल मधून आपल्याकडे घ्यायचे, आणि आपण काही बदललं तर ते मध्ये पाठवायचं. जुनं काहीच पुसलं जात नाही. थरावर थर बसत जातो, आणि प्रत्येक थरावर नाव, आणि काहून. चुकलं तर मागच्या थरावर जाता येतं. सुनेनं विचारलं, “आई, सगळं मागं जाता येते?” मी म्हटलं, “फाईलीचं सगळं.”

सुरुवातीला सरांनी या कामाला इंग्रजी शब्दच ठेवले होते. मधून घ्यायचं ते पुल, मध्ये पाठवायचं ते पुश. आणि मग जी काय मजा झाली! उमरेडच्या ठाण्यावर एक बाई होती, हाताची भारी चलाख. सरांनी फोनवर सांगितलं, “ताई, बदल केला न, आता पुश करा.” ती म्हणे, “केलं सर.” अर्ध्या तासानं पुन्हा, “पुश करा ना वं!” तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा ती चिडली, “सर, किती पुसू? काच चकचक करून राहिली, माझं तोंड दिसून राहिलं तिच्यात!” बिचारी पदरानं कॉम्प्युटर पुसत बसली होती.

आणि मौद्याला होते गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले, घरी बसवत नाही म्हणून ठाणं सांभाळायचे. अक्षर मोत्यासारखं, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांना सरांनी विचारलं, “गुरुजी, पुल केला का?” गुरुजी म्हणाले, “पूल करणे माझ्या अधिकारात नाही. ते बांधकाम खात्याचे काम आहे.” आम्ही इकडं स्पीकरवर ऐकून राहिलो होतो. हसून हसून माझ्या डोळ्याला पाणी आलं. सर नाही हसले. फोन ठेवला. मग म्हणाले, “चूक त्याईची नाही. शब्दाची आहे. सगळं मराठीत करू.”

आणि केलं. आठवडाभर दुसरं काही केलं नाही. मला विचारायचे, “ताई, याले काय म्हणाल? याले काय?” पुलचं झालं ओढा. पुशचं झालं ढकला. दोन जणांनी एकाच ओळीत वेगवेगळा बदल केला की कॉम्प्युटर अडून बसतो, त्याला त्यांनी नाव दिलं टक्कर. टक्कर झाली की पडद्यावर प्रश्न यायचा, आणि दोन बटणं. त्या बटणांवर काय लिहायचं, यावर ते अडले. मध्ये जी सगळ्यांची फाईल आहे तिच्यातलं ठेवायचं, की या ठाण्यानं वेगळं काही लिहिलंय ते ठेवायचं? दोन दिवस खिडकीशी उभे राहून खालची कापडाची गाठोडी बघत होते. मग आले आणि एकदम खुशीत म्हणाले, “सापडलं वं ताई. आपलं आणि वेगळं.”

“आपलं म्हणजे?” मी विचारलं.

“आपलं म्हणजे आपलं. माझं नाही, तुमचं नाही. सगळ्याईचं.”

किती गोड शब्द वाटला मला तेव्हा. आता तो शब्द कोणी बोललं तर ऐकवत नाही, आणि मराठीत तर तो घडीघडी येतो.

पण ते पुढं. आधी त्यांच्याबद्दल आणखी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस नुसता कॉम्प्युटरचा किडा होता. तसे नव्हते. तर्री पोहे खायचे ते दोन वेगळ्या प्लेटांत, पोहे एकीत, रस्सा दुसरीत. ठेलेवाला विचारायचा, “मिसळू का साहेब?” तर दोन्ही हात आडवे. “मी मिसळतो. किती मिसळायचं ते तुले काय माहीत?” लग्नाचं आमंत्रण घेऊन कोणी आलं तर पत्रिका उलटीसुलटी करून विचारायचे, “काहून करून राहिले?” मुलीचा बाप गोंधळून जायचा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं हो. खवचटपणा नव्हता त्यात. स्वतः लग्न केलं नव्हतं, बहिणीकडे राहायचे. आधी कितीतरी वर्षं मौद्याकडच्या वीज केंद्रात कंत्राटावर होते, मीटरच्या मोठमोठ्या काट्यांच्या पुढं बसायचे. तिथं म्हणे कारण लिहिल्याशिवाय कोणी खटक्याला बोट लावत नसे. ती शिस्त अंगात मुरली होती.

आणि एक नियम होता त्यांचा, पक्का: तोंडानं सांगायचं नाही. कोणी फोन करून म्हणालं, “सर, अमक्या गावचा रस्ता बंद आहे,” तर ते ऐकूनच घ्यायचे नाहीत. “मले सांगू नका. फाईलीत घाला. मी उद्या मरून गेलो तर?” लोकांना राग यायचा. एक ड्रायव्हर तर म्हणाला होता, “हा माणूस जळून राहिला तरी आग लागली म्हणून आधी टाईप करंन.” मला मात्र ते पटलं होतं. कारण मी आधीचे दिवस पाहिले होते, जेव्हा सगळं तोंडानंच चालायचं आणि ज्याला विचारावं तो म्हणायचा, मी तर सांगितलं होतं.

मी एकदा धीर करून विचारलं, “सर, तुम्ही सगळ्यांना काहून विचारता. तुम्ही हे सगळं काहून करता?”

ते हसले. हसले की त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा व्हायचा. म्हणाले, “ते रिकामं राहू द्या.”

काही दिवस खरंच सगळं छान चाललं. सकाळी प्रत्येक ठाण्याला त्यांचा फोन जायचा, “ओढलं का?” आणि तिकडून, “ओढलं, सर!” शाळेतल्या हजेरीसारखं. चुकीच्या गावाला गाडी जाणं बंद झालं. विश्वस्तांपैकी एक कापडवाले शेठ आले, सगळं बघून गेले, जाताना सरांच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी सर जिना उतरताना काहीतरी गुणगुणत होते. मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं.

मग पाऊस झाला. मौद्याच्या पलीकडे एक गाव आहे, नाल्याच्या त्या बाजूला. त्या नाल्यावरचा पूल खचला. गुरुजींनी ठाण्यात बसून, नियमाप्रमाणे, फाईलीत त्या गावाची ओळ बदलली. मौद्याची गाडी काढली, नाल्याच्या पलीकडच्या ठाण्याची लावली. काहूनच्या चौकोनात आपल्या सुंदर भाषेत लिहिलं: “नाल्यावरील पूल खचल्यामुळे वाहतूक बंद आहे.” मला फोन करून सांगितलं नाही. काहून सांगतील? तोंडानं सांगायचं नाही असाच तर नियम.

त्याच सकाळी इकडं सरांनी त्याच ओळीत मौद्याच्या गाडीच्या ड्रायव्हरचा मोबाईल नंबर बदलून मध्ये ढकलला होता. नेहमीचा ड्रायव्हर साळ्याच्या लग्नाला गेला होता, त्याच्या जागी शहरातला बदलीवाला होता, त्याला तिकडचे रस्ते माहीत नव्हते. एक ओळ, दोन बदल. गुरुजी ढकलायला गेले तर कॉम्प्युटर अडला. टक्कर झाली आहे. काय ठेवायचं? आपलं की वेगळं?

गुरुजींनी आपलं दाबलं.

आता तुम्हीच सांगा. तुम्ही काय दाबलं असतं? आपण लिहिलेलं ते आपलं. दुसरं कोणी वेगळंच काही लिहिलंय, ते वेगळं. मराठी माणूस म्हणतो, मी आपला घरी गेलो, मी आपलं जेवून घेतलं. गुरुजींना वाटलं, आपण लिहिलेलं राहिलं. कॉम्प्युटरला वाटलं, सगळ्यांचं आहे ते ठेवा म्हणाले. पूल खचल्याची ओळ खालच्या थरात गेली. गुरुजी समाधानानं घरी जेवायला गेले.

दुपारी मला फोन आला. त्याच गावातून. एक बाई होती, नवऱ्याच्या छातीत दुखत होतं, घामानं ओला झाला होता. मी गावाचं नाव टाकलं. पडद्यावर मौद्याची गाडी आली, मी बटण दाबलं, ड्रायव्हर निघाला. मी तिला सांगितलं, “निघाली गाडी. फोन चालू ठेवा.” ती बोलत होती. त्यांचं वय काय, काय खाल्लं होतं, सकाळी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात, गेले होते. आपण बोलतो तसं बोलत होती. मग म्हणाली,

“ताई, गाडी दिसून राहिली मले. पण ते तिकडच्या थडीले उभी आहे.”

मला कळेना. मी म्हटलं, “कुठं?”

“नाल्याच्या तिकडं वं. पूल नाही न. तो ड्रायव्हर हात करून राहिला. मी काय करू? याईले उचलून आणू का पाण्यातून?”

पाण्याला ओढ होती. मी नको म्हटलं. पलीकडच्या ठाण्याला फोन लावला, तिथली गाडी हलवली. पोचली ती गाडी. पण पोचून उपयोग नव्हता.

सरांनी सगळं ऐकलं होतं, माझ्या मागं उभे राहून. त्यांनी रेपो उघडला, आणि गुरुजींचा थर त्यांना लगेच सापडला. हेच मला अजून सहन होत नाही. काहीच हरवलं नव्हतं. सगळं जागेवर होतं, नावासकट, कारणासकट. फक्त वापरात नव्हतं. सर त्या वाक्यावर बोट ठेवून बसले, आणि बोट काढेचनात.

मग मीटिंग झाली. गुरुजी आले होते, टोपी हातात.

“मी आपलं दाबलं,” ते म्हणाले. “आपलं म्हणजे मी लिहिलेलं. मी चूक केली नाही हो. मी आयुष्यभर मराठी शिकवलं.”

“तुमची चूक नाही, गुरुजी,” सर म्हणाले. “आपलं म्हणजे सगळ्याईचं, असं माह्या मनात होतं.”

शेठ कपाळाला हात लावून बसले होते. ते म्हणाले, “सगळ्याईचं म्हणजे कोणाचंच नाही ना बावा!”

मीच मध्ये तोंड घातलं. म्हटलं, “शब्द बदला ना, सर. ‘इथलं’ आणि ‘मधलं’ लिहा. पाच मिनिटांचं काम.” सरांनी उठून तिथल्या तिथं बदललं. चौकोन उघडला, काहून? त्यांनी लिहिलं, “माझा शब्द चुकला.” आणि ढकललं.

शब्द सुधारला हो. माणसं कुठून सुधारायची? नाही, तसं नाही म्हणायचं मला. माणसं घाबरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी सगळ्या ठाण्यांना फोन केले, “ओढलं का?” तिकडून आवाज आले, “ओढलं, सर.” पण कोण कधी ओढतं ते सरांना पडद्यावर दिसायचं. कोणीच ओढलं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या भिंतीवर गावांची नावं लिहून काढली होती, आपापल्या ड्रायव्हरला विचारून. तिसऱ्या दिवशीही तेच. सर रोज विचारायचे आणि लोक रोज खोटं सांगायचे, इतक्या मायेनं, इतक्या आदरानं, की रागावताही येईना. उमरेडची बाई मला हळूच म्हणाली, “काय सांगू वं काकू? सर चांगले आहेत म्हणूनच खोटं बोलून राहिलो. दुसरा कोणी असता त तोंडावर नाही म्हटलं असतं.”

सर मात्र फाईल सांभाळत राहिले. ड्रायव्हर वर आला की त्याला विचारायचे, कोणता रस्ता उघडा, कोणता बंद. स्वतः टाईप करायचे, स्वतःच काहून लिहायचे, ढकलायचे. सगळं अगदी ताजं, अगदी बरोबर. आणि ती फाईल कोणी घेत नव्हतं. मी तरी घेत होते, पण मी एकटीनं घेऊन काय होतं? ठाणं म्हणायचं, आमच्या भिंतीवर वेगळं आहे, आमची गाडी जाणार नाही.

मग विश्वस्तांनी ठरवलं, प्रत्येक ठाण्यानं आपापलं पाहावं. कागद आला, सरांनी वाचला. मला वाटलं विचारतील, काहून? नाही विचारलं. दुपट्टा सोडला, झटकला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. डोक्यावर केस किती पांढरे झाले होते ते मला तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिसात आले नाहीत. मी एकदा त्यांच्या घरी गेले, नंदनवन वस्तीकडे. दार बहिणीनं उघडलं. “बसा वं ताई,” म्हणाली, आणि आवाज हळू करून, “बोलत नाही फारसा. भाजीत मीठ नसलं तरी खातो.” सर आतून आले. बनियनवर, उघड्या डोक्यानं. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला होता.

चहा झाला. उमरेडच्या बाईची गंमत काढली मी, काच पुसली ती. हसले नाहीत. मग एकदम म्हणाले,

“त्या नाल्यापलीकडच्या बाईचा फोन नंतर आला होता न तुमाले? मी तेव्हा खाली गेलो होतो.”

मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगू की नको सांगू? पण या माणसासमोर खोटं बोलायचं?

“आला होता.”

“काय म्हणे?”

“म्हणे, गाडी परत न्या. दुसऱ्या कोणाले लागत असंन.”

बहीण पदर तोंडाला लावून आत गेली.

“शिव्या नाही दिल्या?”

“नाही दिल्या.”

“देयाले पाह्यजे होत्या,” ते म्हणाले. आणि पुन्हा, अगदी हळू, “देयाले पाह्यजे होत्या न वं.”

मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले नाहीत. त्यानंतर मी गेले नाही. दोनदा फोन केला, बहिणीनंच उचलला. ते आता कोणाशी बोलत नाहीत म्हणाली. डॉक्टरला दाखवलं का, विचारलं. तर म्हणाली, दाखवलं, डॉक्टर काही विचारतात तर हा नुसता बघतो.

मी अजून फोनवर बसते. साठी उलटली, पण घरी बसून करू काय? चुका आता होत नाहीत असं शेठ मीटिंगमध्ये सांगतात. खरंय. चूक झाली तर ती कोणाची हे आता कुठंच दिसत नाही, म्हणून ती झालीच नाही. गाडी उशिरा पोचली तर गावं दूर आहेत, रस्ते खराब आहेत. सगळे मान हलवतात.

परवा दुपारी असाच एक फोन. एका बाईचा, सासऱ्यांना श्वास घेता येत नव्हता. तिनं गावाचं नाव सांगितलं. मी मौद्याला लावलं. गुरुजींच्या जागी आता दुसरा माणूस आहे, तो म्हणाला, “ते आपल्याकडं नाही, उमरेडकडं आहे.” उमरेडला लावलं, “माह्या भिंतीवर हे गावच नाही वं काकू, मौद्यातच असंन.” तिसऱ्या ठाण्याचा ड्रायव्हर जेवत होता, तोंडात घास. “जातो ना ताई, पण तिकडून रस्ता सुरू आहे का ते पाहून सांगा.” कोण पाहून सांगणार? मी पुन्हा मौद्याला लावलं, पुन्हा भांडले, शेवटी त्याला आणि त्या जेवणाऱ्या ड्रायव्हरला, दोघांनाही म्हटलं, निघा बावांनो, दोघंही निघा, जो पोचेल तो पोचेल.

ती बाई फोनवरच होती. मागं कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, घरघर, घरघर.

“निघाली का हो गाडी?”

“निघाली.”

“मग मी रस्त्यावर जाऊन उभी राहते, त्याईले घर सापडणार नाही,” ती म्हणाली. धावत होती बहुतेक, तिला दम लागला होता. “ताई, सांगा न, कोणत्या बाजूनं येऊन राहिली? कोणत्या बाजूले पाहू?”

मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर नुसतं गावाचं नाव होतं, मीच टाकलेलं.

“दोन्हीकडं पाहत राहा, माय,” मी म्हटलं.